निबंधाचा उपोद्घात कसा लिहावा?

परीक्षेंत निबंधाचा पहिला परिच्छेद लिहिण्यास विद्यार्थ्यांना सर्वांत अधिक वेळ लागतो, आणि बहुधा त्याच परिच्छेदांत सर्वांत कमी अर्थ असतो. लेखणी हातांत घेऊन दहा मिनिटें छताकडे पाहावें, मग कोठें तरी पाठ केलेलीं चार वाक्यें उतरून काढावीं, आणि "आतां मूळ विषयाकडे वळूं" असें म्हणून खरा निबंध दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू करावा, हा प्रकार आम्ही वर्षानुवर्षें पाहत आलों आहों. ह्याचें कारण एक गैरसमजूत आहे. उपोद्घात म्हणजे निबंधाच्या दारावर लावावयाचें तोरण, असें विद्यार्थी समजतात. वास्तविक तो निबंधाचा उंबरठा आहे. तोरण कोणत्याही दारास लावतां येतें. उंबरठा ज्या त्या दाराच्या मापाचाच असावा लागतो. उपोद्घाताचें काम काय, त्यांत कोणते दोष शिरतात, आणि तो कोणत्या क्रमानें लिहावा, ह्या तीन गोष्टी प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम उपोद्घाताचें काम पाहूं. आपल्याकडील शास्त्रग्रंथकारांनीं ह्या प्रश्नाचा विचार फार बारकाईनें केला होता. ग्रंथाच्या आरंभीं चार गोष्टी स्पष्ट व्हाव्यात असा त्यांचा दंडक असे, आणि त्या चारींना मिळून ते 'अनुबंधचतुष्टय' म्हणत. ग्रंथ कशाविषयीं आहे, हा 'विषय'. तो वाचून काय साधावयाचें, हें 'प्रयोजन'. तो कोणासाठीं लिहिला, तो 'अधिकारी'. आणि ग्रंथ व त्याचा विषय ह्यांचें एकमेकांशीं असलेलें नातें, हा 'संबंध'. हाच दंडक थोडा सैल करून शाळेंतील निबंधास लावला, तर चार साधे प्रश्न हातीं येतात. मी कशाविषयीं बोलणार? त्याविषयीं माझें म्हणणें काय? वाचणाऱ्यास त्याचें काय? आणि मी कोणत्या वाटेनें जाणार? ज्या उपोद्घातांतून ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळतात, तो चार ओळींचा असला तरी पूर्ण आहे. ज्यांतून एकाचेंही मिळत नाहीं, तो पानभर असला तरी रिकामा आहे.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल ह्यानेंही वक्तृत्वावरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत असाच निर्णय दिला आहे. भाषणाचा हेतु काय तें ऐकणाऱ्यास आरंभींच कळावें, त्याचें मन अधांतरीं राहूं नये, हेंच आरंभाचें मुख्य कार्य, असें तो म्हणतो. आणि विषय लहान व स्पष्ट असेल तर आरंभाची आवश्यकताच नाहीं, असेंही तो सांगतो. परस्परांपासून इतक्या दूरच्या दोन परंपरा एकाच ठिकाणीं येऊन थांबतात, तेव्हां तो नियम कोणा शिक्षकाची लहर नव्हे, हें उघड आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. परीक्षक तुमचा निबंध शेवटपर्यंत वाचतो, कारण तें त्याचें कर्तव्यच आहे. जगांतील इतर वाचकांवर असें बंधन नसतें. विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' हें मासिक सुरू केलें आणि तिचे ८४ अंक काढले; तें मासिक हातीं घेणारा मनुष्य पहिलें पान वाचून तें खालीं ठेवण्यास मोकळा होता. निबंध हा प्रकार अशा मोकळ्या वाचकासाठीं जन्मास आला आहे. म्हणून लिहितांना परीक्षक डोळ्यांपुढें आणूं नये. दिवसभराचें काम आटोपून ओसरीवर बसलेला, समंजस पण थकलेला असा एखादा शेजारी डोळ्यांपुढें आणावा. त्यानें पुढें कां वाचावें, ह्याचें उत्तर उपोद्घातानें द्यावयाचें असतें.

आतां दोषांकडे वळूं. पहिला दोष दूरच्या प्रवासाचा. विषय असतो 'आमच्या गांवचा आठवड्याचा बाजार', आणि आरंभ होतो आदिमानवापासून. तो गुहेंत राहत असे, मग शेती करूं लागला, मग वस्तूंची अदलाबदल करूं लागला; असें करीत करीत विद्यार्थी गांवच्या बाजारांत पोंचतो तेव्हां पान संपलेलें असतें आणि वेळही. बाजाराचा निबंध बाजाराच्या वेशीपासून सुरू व्हावा.

दुसरा दोष मथळा पुन्हां लिहिण्याचा. "ग्रंथ हेच गुरु हा विषय फार महत्त्वाचा आहे. आज मी ग्रंथ हेच गुरु ह्या विषयावर माझे विचार मांडणार आहे." ह्या दोन वाक्यांनीं वाचकास मथळ्याहून अधिक कांहींच मिळालें नाहीं. विषय महत्त्वाचा आहे असें सांगून तो महत्त्वाचा होत नाहीं. तो कां महत्त्वाचा हें दाखवावें लागतें.

तिसरा दोष न पाळलेल्या वचनाचा. उपोद्घातांत "ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहूं" असें म्हणावयाचें आणि पुढें एकाच बाजूचें गुणगान करावयाचें, किंवा तीन कारणें कबूल करून दोनच द्यावयाचीं, हें वरवर क्षुल्लक दिसतें. परंतु उपोद्घात हा वाचकाशीं केलेला करार आहे. जो पहिल्या पानावर दिलेला शब्द दुसऱ्या पानावर विसरतो, त्याच्या तिसऱ्या पानावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

चौथा दोष सर्वांत मोठा, आणि तो म्हणजे तयार उपोद्घात. कोणत्याही विषयास चालतील अशीं कांहीं वाक्यें पुस्तकांतून पाठ करून ठेवावयाचीं आणि परीक्षेंत मथळ्याखालीं चिकटवावयाचीं, ही चाल सर्वत्र दिसते. ह्या बाबतींत रोमन वक्ता सिसेरो ह्याची एक हकीकत ऐकण्याजोगी आहे. सिसेरोनें स्वतः रचलेल्या प्रस्तावनांची एक वहीच तयार करून ठेवली होती. नवा ग्रंथ हातीं घेतला म्हणजे तींतून एक प्रस्तावना निवडून तो ग्रंथास जोडीत असे. इ. स. पूर्वी ४४ ह्या वर्षीं त्यानें 'कीर्ति' ह्या विषयावरील आपला ग्रंथ ॲटिकस नांवाच्या मित्राकडे पाठविला. पुढें गलबतांतून प्रवास करीत असतां तो आपलाच एक जुना ग्रंथ वाचीत होता, आणि तेव्हां त्याच्या लक्षांत आलें कीं, तीच प्रस्तावना त्या जुन्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागास आधींच लावलेली आहे! त्यानें तत्काळ नवी प्रस्तावना लिहिली आणि मित्रास कळविलें कीं, जुनी कापून टाक व ही चिकटव.

सिसेरोनें ही चूक मोकळ्या मनानें कबूल केली, हें त्यास भूषणावह आहे. परंतु ह्यांत आपण घ्यावयाचा धडा निराळा आहे. एकच प्रस्तावना दोन वेगळ्या ग्रंथांना बसली, ह्याचा अर्थ ती दोहोंपैकीं निदान एकाची तरी खरी प्रस्तावना नव्हती. शिवाय सिसेरोच्या वहींतील वाक्यें निदान त्याचीं स्वतःचीं होतीं. आमचे विद्यार्थी जीं पाठ करतात तीं दुसऱ्याचीं असतात, आणि तींच वाक्यें त्याच दिवशीं शेजारच्या बांकावरही उतरत असतात.

मग उपोद्घात लिहावा तरी कसा? ह्याचेंही उत्तर सिसेरोच्याच एका ग्रंथांत आहे. वक्त्याच्या कलेविषयीं त्यानें इ. स. पूर्वी ५५ मध्यें जो संवाद लिहिला, त्यांत अँटोनियस नांवाचा अनुभवी वक्ता म्हणतो कीं, जें प्रथम बोलावयाचें त्याचा विचार मी सर्वांच्या शेवटीं करतों. कारण आधीं तेंच शोधूं गेलें तर क्षुद्र, कोणालाही सुचेल असें कांहीं तरी हातीं लागतें. आरंभ हा प्रकरणाच्या अंतरंगांतून काढला पाहिजे, असा त्याचा अभिप्राय आहे. तात्पर्य, उपोद्घात वाचावयाचा प्रथम, पण लिहावयाचा शेवटीं.

हें प्रत्यक्ष उदाहरणानें पाहूं. विषय घ्या, 'पाण्याचें महत्त्व'. पुष्कळ वह्यांतून आढळणारा आरंभ साधारण असा असतो:

"पाणी हें जीवन आहे. पाण्याविना कोणीही जगूं शकत नाहीं. माणसें, पशुपक्षी आणि झाडें ह्या सर्वांना पाणी लागतें. पृथ्वीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाण्यानें व्यापलेला आहे. म्हणून पाण्याचें महत्त्व फार आहे."

ह्यांतील एकही वाक्य खोटें नाहीं, तरी वाचून झाल्यावर मन म्हणतें, "मग?" चौथें वाक्य तर लेखकाच्याच विरुद्ध जातें. पृथ्वीवर एवढें पाणी असेल तर काळजी कशाची, असें वाचकानें विचारलें तर विद्यार्थ्याजवळ उत्तर नाहीं. समुद्राचें पाणी खारट असतें, हें त्यास ठाऊक असतें. पण वाक्य पाठ केलेलें असल्यामुळें तें लिहितांना त्यानें विचार केलेलाच नसतो.

आतां दुसऱ्या रीतीनें जाऊं. आधीं कच्च्या कागदावर मुद्दे उतरावे: पाऊस वर्षांतून चारच महिने पडतो, विहिरी उन्हाळ्यांत आटतात, घरांत नळ गळत राहतो, शेतांत पाट मोकळा सोडला जातो, गांवचा तलाव गाळानें भरला आहे. मग स्वतःस विचारावें, "ह्या सर्वांतून माझें एक म्हणणें काय निघतें?" तें एका वाक्यांत लिहावें: पाऊस पाडणें आपल्या हातीं नाहीं, पण पडलेलें पाणी राखणें आपल्या हातीं आहे. हें वाक्य सांपडलें कीं निबंध सांपडला. त्यानंतर मुद्द्यांचा क्रम लावावा: घर, शेत, गांव. आणि आतां, सर्वांच्या शेवटीं, दार शोधावें: ह्या म्हणण्याकडे वाचकास नेईल अशी कोणती गोष्ट आपणांस ठाऊक आहे?

"२०१६ सालच्या एप्रिल महिन्यांत लातूर शहरास पाणी पुरविण्यासाठीं तें मिरजेहून रेल्वेनें आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत मिळून सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक. म्हणजे सारखी वांटणी केली असती तर माणशीं दीड लिटरही आलें नसतें. पाऊस पाडणें मनुष्याच्या हातीं नाहीं. परंतु पडलेला पाऊस अडविणें, साठविणें आणि मोजून वापरणें हें त्याच्या हातीं आहे. घर, शेत आणि गांव ह्या तीन ठिकाणीं तें कसें साधेल, तें पाहूं."

ह्या परिच्छेदास आपले चार प्रश्न विचारून पाहा. विषय कोणता, तें पहिल्याच वाक्यांत आलें. वाचकास त्याचें काय, तें दीड लिटरच्या हिशोबानें सांगितलें. तहान प्रत्येकास कळते. लेखकाचें म्हणणें पांचव्या व सहाव्या वाक्यांत आहे, आणि वाट सातव्यांत. ह्यांत अलंकार एकही नाहीं, अवघड शब्दही नाहीं. तरी हा परिच्छेद दुसऱ्या कोणत्याही निबंधास लावतां येणार नाहीं, आणि हीच त्याच्या खरेपणाची खूण आहे.

म्हणणें बदललें कीं दारही बदलतें. समजा, त्याच विषयावर दुसऱ्या विद्यार्थिनीचें म्हणणें असें आहे कीं, पाणीटंचाईचा भार सर्वांत अधिक मुलींवर पडतो. तिला लातूरची रेल्वे उपयोगाची नाहीं. तिनें असा आरंभ करावा: "गांवची विहीर आटली कीं तिची पहिली बातमी शाळेच्या हजेरीपटांत लागते, मुलींच्या नांवांपुढें गैरहजेरीच्या खुणा वाढूं लागतात." विषय एकच, मथळा एकच, परंतु उंबरठे दोन, कारण घरें दोन आहेत.

दारें अनेक प्रकारचीं असूं शकतात. घडलेली घटना, नेमका आंकडा, लोकांत रूढ असलेलें एखादें चुकीचें मत, एखादी म्हण, एखादा प्रश्न, ह्यांपैकीं कोणतेंही दार चालेल. मात्र प्रत्येकास एक अट आहे. घटना खरी असावी. आंकडा खात्रीचा असावा, नसल्यास आंकडा देऊं नये. रूढ मत खोडावयाचें असेल तर आधीं तें प्रामाणिकपणें मांडावें. म्हण अशी असावी कीं तिचा पुढें उपयोग होईल. आणि ज्याचें उत्तर निबंधांत येणार नाहीं असा प्रश्न विचारूं नये.

दारांतून विषयाकडे जाण्याची जोडणीही सहज असावी. ह्याचा उत्तम नमुना पाहावयाचा असेल तर कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' नाटकाची प्रस्तावना पाहावी. नटी ग्रीष्म ऋतूचें गीत गाते. सूत्रधार त्यांत इतका रंगतो कीं, आज कोणतें नाटक करावयाचें हेंच विसरतो; नटी आठवण देते तेव्हां तो म्हणतो कीं, वेगानें पळणाऱ्या हरणानें दुष्यंत राजास जसें ओढून नेलें, तसें तुझ्या गीतानें मला नेलें. आणि त्याच क्षणीं हरणाचा पाठलाग करीत राजा रंगभूमीवर येतो. प्रस्तावना कोठें संपली आणि नाटक कोठें सुरू झालें, तो सांधा दिसतच नाहीं. तेथें "आतां मूळ विषयाकडे वळूं" असें कोणास म्हणावें लागत नाहीं. ज्या उपोद्घाताच्या शेवटीं हें वाक्य लिहावेंसें वाटतें, तो विषयाकडे पाठ करून उभा आहे, असें समजावें.

परीक्षेच्या दृष्टीनें आणखी दोनतीन सूचना देतों. निबंध तीनशे शब्दांचा असेल तर उपोद्घात चाळीस-पन्नास शब्दांहून मोठा नसावा. उंबरठा घराएवढा करूं नये. चाळीस मिनिटांपैकीं पहिलीं आठ-दहा मिनिटें मुद्दे आणि तें एक वाक्य ह्यांसाठीं खर्च करावीं. तीं वायां जात नाहींत. आरंभ सुचेना तर सहा-सात ओळी कोऱ्या सोडून मधला भाग लिहावयास घ्यावा आणि शेवटीं परत यावें. लिहून झाल्यावर दोन परीक्षा कराव्यात. मथळा हातानें झांकून केवळ उपोद्घात वाचावा. विषय व म्हणणें दोन्ही कळतात काय? आणि हाच उपोद्घात दुसऱ्या एखाद्या विषयास लागूं पडतो काय? पहिल्याचें उत्तर 'होय' आणि दुसऱ्याचें 'नाहीं' आलें तर निश्चिंत असावें.

आतां पालकांस दोन शब्द. आपल्या मुलास चांगले गुण मिळावे म्हणून आपण तयार निबंधांचीं पुस्तकें विकत आणतां. त्यामागील माया आम्ही जाणतों. परंतु पाठ केलेल्या आरंभानें होणारी हानि चार गुणांपुरती राहत नाहीं. बोलावयाचें काय हें ठरण्यापूर्वींच बोलूं लागण्याची संवय त्यानें मुलास लागते. हाच मुलगा पुढें नोकरीचा अर्ज लिहील, बँकेस पत्र लिहील, ग्रामसभेंत उभा राहून आपल्या वाडीसाठीं रस्ता किंवा पाणी मागेल. तेथें ऐकणारा माणूस पहिल्या दोन वाक्यांतच ठरवितो कीं, ह्याला कांहीं सांगावयाचें आहे कीं नाहीं. ज्याला आपलें मागणें दोन वाक्यांत मांडतां येत नाहीं, त्याचें खरें दुःखही पुष्कळदां कागदांच्या गठ्ठ्यांत पडून राहतें.

ह्यावर उपाय घरींच आहे, आणि त्यास पैसा लागत नाहीं कीं विद्वत्ता लागत नाहीं. मूल निबंध लिहावयास बसलें म्हणजे एवढेंच विचारावें, "तुला म्हणायचं तरी काय आहे? एका वाक्यांत सांग बघूं." त्यानें सांगितलें आणि आपणांस कळलें, तर त्यास लिहूं द्यावें. कळलें नाहीं, तर "मला नाहीं कळलं, पुन्हां सांग" असें म्हणावें. जी आई स्वतः शाळेंत गेली नाहीं, तीही हा प्रश्न विचारूं शकते. किंबहुना तिनें विचारलेला अधिक चांगला, कारण तिला समजेल असें सांगावयाचें तर मुलास पुस्तकी वाक्यांचा आश्रय घेतां येत नाहीं.

अभ्यासासाठीं खालील तीन विषय देत आहों: 'आमच्या घरांतील सर्वांत जुनी वस्तु', 'पायीं चालण्याचे फायदे', 'वर्तमानपत्र वाचावें कीं नाहीं?' प्रत्येक विषयावर आपलें म्हणणें आधीं एका वाक्यांत लिहावें, मुद्द्यांचा क्रम लावावा, आणि त्यानंतरच पन्नास शब्दांचा उपोद्घात तयार करावा. मग आपला उपोद्घात वर्गमित्रास द्यावा, पण मथळा सांगूं नये. त्यानें विषय बरोबर ओळखला आणि "पुढें काय लिहिलं आहेस?" असें विचारलें, म्हणजे तुमचा उपोद्घात साधला असें समजा, आणि उरलेला निबंध लिहावयास बसा.